पहिल्या सफेत कोण बसलंय?

सर्वांना सलाम आणि नमस्कार. या महिन्यात आलेली पत्रं एकत्र वाचायला बसलो तर विषय जवळपास एकच निघाला, दीनाची, म्हणजे धर्माची, गोष्ट सांगणाऱ्याने बोलावं कसं. कोणी स्वतः बयान (धर्मावरचं भाषण) करतंय, कोणी बयान ऐकून दुखावलंय, आणि एका हिंदू वाचकाचंही पत्र आहे. म्हणून या वेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवतो.

प्रश्न: मी 24 वर्षांचा आहे, इचलकरंजीत लूमवर काम करतो आणि इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर मोहल्ल्यातल्या पोरांसाठी दर्स (धर्माची शिकवणी) घेतो. माझं बोलणं कडक असतं. बेनमाजी असो, व्याजाचा धंदा करणारा असो, लग्नात डीजे लावणारा असो, मी कुणालाच सोडत नाही. पोरांनी त्याच्या क्लिप टाकल्या आणि त्या खूप चालल्या. अब्बा म्हणतात ही भाषा दीनाची नाही, भांडणाची आहे. मला वाटतं हक बात (खरी गोष्ट) कडूच असते, आणि मवाळ बोलणं म्हणजे लोकांना भिणं. बरोबर ना?

उत्तर: बेटा, मी तुझ्या अब्बांच्या बाजूने बोलणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तू ज्यांना झापतोस त्यांच्यापेक्षा वाईट माणूस शोधायचा तर कुठपर्यंत जावं लागेल? फिरऔनपर्यंत जाऊ. इजिप्तचा हा राजा तोच, ज्याने पोरांच्या कत्तली केल्या आणि वर "तुमचा सर्वात मोठा रब मीच" असं म्हटलं. त्याच्याकडे हजरत मूसा आणि हारून या पैगंबरांना पाठवताना अल्लाहने काय सांगितलं तर त्याच्याशी नरम बोला, कदाचित तो समजून घेईल किंवा भिईल (कुरआन, सूरह म्हणजे अध्याय 20, आयत म्हणजे वचन 44). फिरऔन सुधारणार नाही हे अल्लाहला माहीत नव्हतं का? होतं की. तरी हुकूम नरम बोलण्याचाच झाला. म्हणजे नरम बोलणं हे समोरच्याची लायकी बघून द्यायचं बक्षीस नाही, सांगणाऱ्यावरच घातलेली ती अट आहे.

खलिफा मामूनची एक गोष्ट जुन्या लोकांनी सांगून ठेवलीय. कोणीतरी त्याला नसीहत (उपदेश) करायला गेला आणि फार कठोर बोलला. मामून म्हणाला, अरे, अल्लाहने तुझ्यापेक्षा चांगल्या माणसाला माझ्यापेक्षा वाईट माणसाकडे पाठवलं, आणि त्यालाही नरम बोलायला सांगितलं. तू काही मूसा नाहीस आणि तुझ्या गल्लीतला डीजेवाला काही फिरऔन नाही. एवढं जरी लक्षात राहिलं तरी माईक हातात घेतल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

आता भिण्याचं बोलू. हजरत इब्राहीम आपल्या वडिलांशी बोलतात तो भाग सूरह मरयममध्ये आहे, आयत 42 ते 45. चार आयती आहेत आणि चारही वेळा बोलणं "या अबती" ने सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे पोरगं लाडाने "ओ बाबा" म्हणेल ना तसं. वडील मूर्तिपूजक, मुलगा पैगंबर, विषय शिर्कचा (अल्लाहसोबत इतरांची भक्ती करण्याचा), म्हणजे याहून मोठा मतभेद असूच शकत नाही. वडील शेवटी म्हणतात की दगडांनी ठेचून मारीन, चालता हो. त्यावर मुलाचं उत्तर "सलामुन अलैक", तुमच्यावर शांती असो, मी तुमच्यासाठी माझ्या रबकडे माफी मागीन. हे इब्राहीम पुढे आगीत टाकले जाईपर्यंत मागे हटले नाहीत. ते काय भित्रे होते? तू तुझ्या अब्बांना काय उत्तर दिलंस ते पत्रात लिहिलं नाहीस, पण मला ते वाचायला आवडलं असतं.

तू म्हणशील कुरआनमध्ये कडक शब्दही आहेत. आहेत. पैगंबरांचा वैरी अबू लहब याच्यावर अख्खी सूरह आहे, काही आयतींमध्ये सख्त वागण्याचा हुकूमही आहे, मी ते लपवणार नाही. पण तो कडकपणा कुठला आहे ते बघ. तेव्हाच्या मुसलमानांना वाळवंटात तापलेल्या दगडाखाली झोपवलं जात होतं, घरादारातून हाकललं जात होतं, लढाया चालू होत्या, त्या काळात हे करणाऱ्या लोकांबद्दल अल्लाहचं ते बोलणं आहे. तुझ्यासमोर बसलेला पोरगा दिवसभर बारा तास लूमवर उभा राहून, इशा पढून, घरी जेवायला न जाता तुझं ऐकायला थांबलाय. त्याला ती आयत कशी लागू होईल? त्याच्यासाठीची आयत वेगळी आहे, हिकमत (शहाणपण) आणि चांगल्या नसीहतीने बोलाव, आणि वाद घालायचाच तर सर्वात चांगल्या पद्धतीने घाल (16:125).

कडू बातबद्दलही बोलतो. "व्याज हराम आहे" हे एवढंच वाक्य व्याजावर चूल चालणाऱ्याला जहरासारखं लागतं. त्यावर तू आपल्या शब्दांचं कारलं कशाला किसतोस? तू लूमवर काम करतोस म्हणून विचारतो, धागा तुटला की काय करतोस? मशीन थांबवतोस, दोन्ही टोकं शोधतोस, हलक्या बोटांनी गाठ मारतोस. ओढाओढ केली तर शेजारचे आणखी दोन तुटतात हे मला सांगायची गरज नाही. बेनमाजी हा तुटलेला धागा आहे.

क्लिप चालतात त्याचं कारण मी सांगू का, वाईट वाटून घेऊ नकोस. ज्यांना तू झापतोस ते क्लिप बघत नाहीत. बघतात ते, ज्यांना दुसऱ्याला झापलेलं ऐकून बरं वाटतं. म्हणजे ज्याला औषध पाहिजे तो दवाखान्यातच आला नाही आणि जो ठणठणीत आहे तो बाहेर बाकड्यावर बसून मजा बघतोय. मी स्वतःसाठी एक नियम ठेवलाय, तू वापरून बघ. ज्याच्याबद्दल बोलायचंय तो माणूस पहिल्या सफेत (रांगेत), माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलाय असं समजायचं. त्याच्या डोळ्यात बघून ते वाक्य म्हणता येतंय का? येत असेल तर म्हण. नसेल येत तर ते वाक्य त्याच्यासाठी नव्हतंच, ते टाळ्यांसाठी होतं.

प्रश्न: माझी अम्मी चार महिन्यांपूर्वी वारली. ती आयुष्यभर उरुसाला जायची, दर्ग्यावर फुलं चढवायची, नमाज मात्र कधी चुकवली नाही. तिच्यासाठी घरी बायकांना कुरआन पढायला बोलावलं होतं, तिथे बयान करायला आलेल्या बाईंनी दर्ग्यावर जाणाऱ्या बायकांचं कबरीत काय काय होतं ते अर्धा तास सांगितलं. माझ्या लहान बहिणीला त्या रात्रीपासून झोप नाही. मी काही बोलले नाही, पाहुणी आहे म्हणून. चूक केली का? (मिरज)

उत्तर: आपा, आधी तुमच्या बहिणीसाठी लिहितो, तिला हे वाचून दाखवा. सही मुस्लिम या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहात आहे की एका माणसाने दुसऱ्याबद्दल शपथ घेतली, अल्लाह याला माफ करणार नाही. त्यावर अल्लाहने म्हटलं, मी अमक्याला माफ करणार नाही अशी माझ्या वतीने शपथ घेणारा हा कोण? मी त्याला माफ केलं आणि तुझी कर्मं वाया घालवली. म्हणजे कोणाच्या कबरीत काय चाललंय याची बातमी द्यायचा अधिकार माईकवाल्याला नाही, तो कितीही शिकलेला असो. आणि बुखारी या दुसऱ्या संग्रहात पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांकडून आलंय, मेलेल्यांना वाईट बोलू नका, त्यांनी जे पुढे पाठवलं त्यापाशी ते पोचलेत.

दर्ग्याचा मसला वेगळा, त्यावर उलमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) मतं आहेत आणि तुमच्याच शहरात ती किती तीव्र आहेत हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी त्यात आज पडत नाही. त्या बाईंचं जे मत आहे ते त्यांना असू दे, पण ते मत त्या दिवशी, त्या घरात, त्या दोन पोरींसमोर कबरीच्या वर्णनातून मांडणं ही इल्मची (ज्ञानाची) गोष्ट नव्हे, त्याला बेरहमी म्हणतात. खरं बोलायलाही वेळ बघावी लागते. ज्या घरातून जनाजा उठलाय त्या घरी पैगंबरांनी काय करायला सांगितलं? त्यांचे चुलतभाऊ हजरत जाफर शहीद झाले तेव्हा पैगंबर म्हणाले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असं काही आलंय की त्यांना सुधरत नाहीये. जेवण करा म्हणाले.

तुम्ही गप्प राहिलात ती चूक नाही, पाहुण्याचा मान राखलात. आता मात्र त्या बाईंना एकटीने भेटा, चहाला बोलवा, आणि बहिणीची झोप उडालीय हे शांतपणे सांगा. चारचौघींत नको. मला वाटतं त्यांना कोणी कधी सांगितलंच नसेल.

प्रश्न: मी कोकणातल्या एका गावात इमाम आहे. लोक उघडपणे चुका करतात, मग मंबरवरून (मशिदीतल्या व्यासपीठावरून) सांगायचं नाही तर कुठे सांगायचं? थोडं नाव न घेता इशाऱ्याने सांगितलं की गावात कळतंच कोणाबद्दल आहे. जमातीत दोन-तीन लोक त्यामुळे रुसले. यात माझं काय चुकलं?

उत्तर: इमामसाहेब, तुमची अडचण मला कळते, गावात इमामाला सगळेच सल्ले देतात आणि पगार वेळेवर कोणी देत नाही. तरी एक प्रसंग सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर घडलेला.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. आमच्या गावात एक चाचा होते, खाडीत मासे धरायचे. शुक्रवारी भरतीचं वेळापत्रक आणि जुम्म्याची वेळ कधी जुळायची कधी नाही, पण होडी वर काढली की ते तसेच धावत यायचे, हौदावर हात-पाय घासून घासून वजू करायचे, आणि शेवटच्या सफेत खांबाच्या आडोशाला बसायचे, कोणाला वास येऊ नये म्हणून. आम्ही पोरंही मागेच बसायचो. एकदा बाहेरून बयानला कोणी आले होते, त्यांनी पाकीचा (शुद्धतेचा) विषय घेतला. मशिदीत वास घेऊन येऊ नये, कांदा-लसूण खाऊन येऊ नये हे सगळं बरोबरच सांगितलं, हदीस आहे तशी. मग मध्येच म्हणाले, "काही लोक तर अख्खा मासळीबाजार अंगावर घेऊन येतात." लोक हसले. नाव घेतलं नव्हतं हो. पण सगळ्या माना मागे वळल्या. चाचांनी मान खाली घातली, त्यांच्या हाताची बोटं गुडघ्यावर होती, ती त्यांनी हळूच सदऱ्याच्या आत ओढून घेतली. फर्ज (सक्तीची नमाज) झाली तसे ते उठून गेले. त्यानंतर किती तरी जुमे ते दिसले नाहीत, आणि मला आजही ती आत ओढलेली बोटं आठवतात, बयानातलं बाकी काही आठवत नाही.

पैगंबर नाव न घेता बोलायचे हे खरं आहे. "लोकांना काय झालंय की ते असं असं करतात," अशी त्यांची पद्धत हदीसमध्ये पुन्हा पुन्हा येते. पण ती पद्धत माणूस झाकण्यासाठी होती. तुम्ही म्हणता तसा इशारा, ज्याने गावात कळतंच कोणाबद्दल आहे, तो माणूस दाखवण्यासाठी असतो. शब्द तेच, काम उलटं. इमाम शाफईंचं म्हणून एक वचन सांगितलं जातं (आपल्या कोकणात तर सगळे त्यांच्याच मसलकचे (पंथाचे)), की ज्याने एकांतात समजावलं त्याने नसीहत केली आणि ज्याने चारचौघांत समजावलं त्याने बदनामी केली.

आणि ज्याची चूक सगळ्यांसमोर घडते त्याचं काय, तेही हदीसमध्येच आहे. एक बद्दू (वाळवंटातला भटका) मदिनेच्या मशिदीत आला आणि तिथेच कोपऱ्यात लघवीला बसला. लोक धावले. पैगंबर म्हणाले त्याला मध्येच थांबवू नका, होऊ द्या. मग बादलीभर पाणी ओतायला सांगितलं आणि सहाबांना (आपल्या साथीदारांना) म्हणाले, तुम्हाला सोपं करायला पाठवलंय, कठीण करायला नाही. मग त्या माणसाला जवळ घेऊन मशीद कशासाठी असते ते सांगितलं. त्या प्रसंगात ओरडा खाल्ला तो धावून जाणाऱ्यांनी, चुकणाऱ्याने नाही. तसंच मुआविया बिन हकम नावाचे सहाबी नमाजमध्येच बोलले, कोणाला तरी शिंक आली म्हणून यांनी "यरहमुकल्लाह" (अल्लाह तुझ्यावर दया करो) म्हटलं, आजूबाजूचे लोक डोळे वटारायला लागले, मांड्यांवर हात मारायला लागले. ते स्वतः सांगतात, माझे आईबाप कुर्बान, पैगंबरांसारखा शिकवणारा मी आधी पाहिला नाही आणि नंतरही नाही, त्यांनी मला झिडकारलं नाही, मारलं नाही, अपशब्द बोलले नाहीत.

रुसलेल्या दोन-तीन लोकांकडे तुम्हीच चालत जा. बोलवू नका, जा.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यात मराठी शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावातली मुस्लिम पोरं सगळी मराठी माध्यमात. जुम्म्याचं बयान उर्दूत होतं, तेही जड उर्दूत, पोरांना त्यातलं काही कळत नाही, मोबाईल बघत बसतात. मी कमिटीत म्हटलं अर्धा वेळ मराठीत बयान ठेवू, तर बुजुर्ग म्हणाले मराठीत दीनाचा अदब राहत नाही, शब्दच नाहीत. मी हट्ट करावा का सोडून द्यावा?

उत्तर: सर, सोडू नका, पण हट्टही करू नका. मी स्वतः मराठीत लिहून आयुष्य घालवलंय त्यामुळे या प्रश्नावर मला गप्प बसवत नाही, थोडं लांबेल.

कुरआनमध्ये साफ लिहिलंय, आम्ही प्रत्येक रसूल (प्रेषित) त्याच्या लोकांच्याच भाषेत पाठवला, त्याने त्यांना उलगडून सांगावं म्हणून (14:4). उलगडून सांगण्यासाठी, हा शब्द महत्त्वाचा. आणि बुखारीत हजरत अलींचं बोलणं आहे, लोकांना त्यांना समजेल ते सांगा, अल्लाह आणि त्याच्या रसूलला खोटं ठरवलं जावं असं तुम्हाला वाटतं का? म्हणजे न कळणाऱ्या शब्दांत सांगणं ही नुसती वेळेची नासाडी नाही, त्याने दीनाचंच नुकसान होतं.

बुजुर्गांना मराठीत शब्द नाहीत असं वाटतं ना, त्यांना प्रेमाने एक विचारा, "नमाज" हा शब्द कुठला? अरबीत सलात म्हणतात. "रोजा" कुठला? अरबीत सौम. "पैगंबर" कुठला? "खुदा" कुठला? हे सगळे फारसी शब्द आहेत. कधीकाळी इराणातल्या कोणीतरी आपल्या लोकांना कळावं म्हणून स्वतःच्या बोलीतले शब्द वापरले, तेव्हा तिथल्या बुजुर्गांना कदाचित असंच वाटलं असेल, आणि आज आपण तेच शब्द इतक्या अदबीने घेतो की ते मूळचे अनुवाद आहेत हे विसरूनच गेलोय. शब्दांना अदब वापरणाऱ्याच्या तोंडून येतो. मराठीत "प्रेषित" म्हणा किंवा "पैगंबर" म्हणा, "प्रार्थना" म्हणा किंवा "दुआ" म्हणा, पोरांना दोन्ही कळतात. सगळंच मराठी करायचा अट्टाहासही नको. नमाज, रोजा, जकात, ईद हे आता मराठीच शब्द आहेत, लातूरच्या मंडईतला कुठलाही माणूस ते समजतो.

आणि हे काही नवं खूळ नाही. विजापूरच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे रचले, म्हणजे जात्यावर दळताना बायकांनी म्हणायची गाणी, दाणा टाकताना आणि खुंटा फिरवताना अल्लाहचं नाव. आपल्या ओव्यांचीच सख्खी बहीण. ज्या बाईला मशिदीत यायला मिळत नव्हतं, अरबी-फारसी येत नव्हती, तिच्यापर्यंत ते पहाटे जात्यापाशी पोचले, तिच्या भाषेत आणि तिच्या कामाच्या तालावर. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ओव्या आणि अभंग लिहिले, आजही तिथे दोन्ही समाजांचे लोक त्यांना मानतात. हे लोक काय अदब सोडून बसले होते?

तरी हट्ट नको म्हणालो त्याचं कारण आहे. तुर्कस्तानात 1932 पासून 1950 पर्यंत सरकारने अजान अरबीऐवजी तुर्कीतून द्यायला लावली होती. लोकांची भाषा तुर्कीच होती, पण वरून लादलं म्हणून ती त्यांच्या मनाला लागली, आणि मुभा मिळताच मशिदी अरबीकडे परत गेल्या. भाषा चांगली असून भागत नाही, ती कशी आणली हेही बघावं लागतं. तुमच्या बुजुर्गांनी उर्दूत दीन शिकलाय, त्यांच्या आईच्या तोंडच्या दुआ त्या भाषेत आहेत, ती त्यांच्याकडून हिसकावल्यासारखं वाटू देऊ नका. अरबी खुतब्याला (नमाजआधीच्या ठरलेल्या प्रवचनाला) हात लावू नका, तो विषयच काढू नका. त्याआधीच्या बयानात उर्दू झाल्यावर शेवटची दहा मिनिटं त्याचाच सार मराठीत, एवढंच मागा. पहिल्यांदा एखाद्या बुजुर्गांनाच सांगा की तुम्हीच पोरांना मराठीत समजवा, तुमच्यासारखं आम्हाला जमणार नाही. आणि हे खोटं कौतुक नाही, लातूरकडच्या म्हाताऱ्या माणसांची मराठी माझ्या-तुमच्यापेक्षा गोड असते.

जड उर्दूबद्दल जाता जाता. जुने धर्मपंडित इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी जिभेच्या वीस आफती मोजल्यात, शिव्या, चुगली, थट्टा वगैरे, आणि त्यातच एक आहे घशातून शब्द काढून, यमकं जुळवून बोलण्याचा सोस. शिव्यांच्या रांगेत त्यांनी ते बसवलंय. पैगंबर बोलायचे तेव्हा कोणी शब्द मोजायचे म्हटलं तर मोजता यायचे, असं हजरत आयशा सांगतात.

प्रश्न: मी हिंदू आहे, तुमचं मासिक ऑफिसातल्या मित्रामुळे वाचायला लागलो. त्याच्या आग्रहावरून एका कार्यक्रमाला गेलो, विषय "इस्लाम समजून घ्या". पहिला अर्धा तास चांगला होता, नंतर वक्ते आमच्या देवांवर घसरले, त्यांच्या रूपावरून, वाहनांवरून विनोद केले. दोनदा "काफिर" शब्द आला. मित्र शेजारी बसला होता, काही बोलला नाही, घरी सोडतानाही नाही. मैत्री आहे पण मनात राहिलंय. तुमच्या धर्मात हे चालतं का? (पुणे)

उत्तर: दादा, नाही चालत. आधी मी तुमची माफी मागतो, त्या वक्त्यांना मी ओळखत नाही पण ते ज्या गोष्टीच्या नावाने बोलत होते ती माझीही आहे.

आयत अगदी स्पष्ट आहे, ते लोक अल्लाहला सोडून ज्यांना हाक मारतात त्यांना शिव्या देऊ नका (6:108). तौहीद म्हणजे अल्लाह एकच, हे सांगायला मुसलमान मोकळा आहे, मूर्तिपूजा आम्ही का करत नाही हेही तो सांगेल, आणि तुम्हाला ते पटणार नाही, तुम्ही तुमचं सांगाल, यात काही गैर नाही. पण दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर हशा पिकवणं हे आमच्या स्वतःच्या किताबमध्ये मना केलेलं आहे. तुम्हाला पाहुणा म्हणून बोलावून तुमच्या तोंडावर ते केलं, हा दुसरा गुन्हा.

"काफिर" या शब्दाबद्दल थोडं सांगतो. मूळ धातूचा अर्थ झाकणे. कुरआनमध्ये एका ठिकाणी (57:20) याच शब्दाचं अनेकवचन येतं आणि बहुतेक मुफस्सिर (कुरआनचे भाष्यकार) तिथे अर्थ शेतकरी असा घेतात, कारण तो बी मातीत झाकतो. बाकी बहुतेक ठिकाणी तो सत्य ओळखून झाकणाऱ्यासाठी किंवा नाकारणाऱ्यासाठी आलाय, आणि कोणाच्या मनात काय झाकलेलं आहे हे अल्लाहशिवाय कोणाला दिसत नाही. आपल्याकडे मात्र तो रस्त्यावर शिवीसारखा फेकला जातो. पैगंबरांची रीत बघा, नूह, हूद, सालेह यांच्या गोष्टी कुरआनमध्ये आहेत, त्यांचे लोक त्यांना मानत नव्हते, खोटं म्हणत होते, तरी ते हाक कशी मारतात? "या कौमी", माझ्या लोकांनो. माझ्या. हा एक शब्द त्या स्टेजवर आला असता तर तुम्ही आज हे पत्र लिहिलं नसतं.

मित्राबद्दल. तो गप्प राहिला ते कदाचित लाजेने. त्याने तुम्हाला आपलं काहीतरी चांगलं दाखवायला नेलं होतं आणि तिथे त्याचीच मान खाली गेली. तुम्ही विषय काढा. हा अंक त्याच्याही घरी येतो, हे पान त्याने वाचलं असेल तर बहुतेक तोच काढेल, आणि भाई, तू वाचत असशील तर आजच काढ.

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर रोज हदीस येतात, "पुढे दहा जणांना पाठवा, खुशखबर मिळेल, नाही पाठवलं तर नुकसान होईल". चांगलीच गोष्ट आहे म्हणून मी पाठवते. चुकतंय का? (नांदेड)

उत्तर: ताई, थांबवा. ऐकलेलं सगळंच पुढे सांगत सुटणं, माणूस खोटा ठरायला एवढं पुरेसं आहे, असं सही मुस्लिमच्या सुरुवातीलाच आहे. आणि माझ्या (म्हणजे पैगंबरांच्या) नावावर जाणूनबुजून खोटं रचणाऱ्याने आपली जागा आगीत तयार समजावी, ही हदीस तर इतक्या सहाबांकडून आलीय की तिच्यावर कोणाचा वाद नाही. लोकांना रडवण्यासाठी किस्से रचणारे वाइज (धर्मोपदेशक) बगदादमध्येही होते, इब्न जौजींनी (मृत्यू 1201) त्यांच्यावर अख्खी किताब लिहिली. आता तेच काम फोन करतो. कुठल्या किताबातली हदीस आहे ते लिहिलेलं नसेल तर तिथेच राहू द्या. दहा जणांना न पाठवल्याने कोणाचं नुकसान होत नाही.

प्रश्न: मी एमआयडीसीत कामाला आहे. जुम्म्यासाठी कंपनी पाऊण तास सोडते, जाऊन-येऊन वीस मिनिटं जातात. इमामसाहेबांचं बयान चाळीस मिनिटं. मी निम्म्यातून उठतो किंवा नुसत्या फर्जला पोचतो, लोक टोमणे मारतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: सहाबी हजरत अम्मार बिन यासिर छोटा खुतबा देऊन खाली उतरले, लोक म्हणाले थोडं आणखी बोलला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, मी रसूलुल्लाहना म्हणताना ऐकलंय की नमाज लांब आणि खुतबा छोटा ही माणसाच्या समजेची खूण आहे. दुसरे सहाबी इब्न मसऊद आठवड्यातून एकदा, गुरुवारी, बोलायचे. एकाने म्हटलं रोज बोला ना, तर म्हणाले तुम्हाला कंटाळा यावा हे मला आवडत नाही. आणि हजरत मुआज जमातीची नमाज फार लांबवायचे, दिवसभर उंट ओढून थकलेला एक माणूस मध्येच निघून गेला, त्याला लोकांनी मुनाफिक (ढोंगी) म्हटलं. पैगंबर रागावले ते मुआजवर. म्हणाले, मुआज, तू लोकांना फितन्यात (संकटात) टाकतोस का? तुझ्या मागे म्हातारा असतो, अशक्त असतो, कामाला जायचंय असाही असतो.

टोमणे मारणाऱ्यांना हा शेवटचा किस्सा ऐकवा. आणि इमामसाहेबांना कंपनीतल्या तुम्हा सगळ्यांची सुटायची आणि परत पंच करायची वेळ एका कागदावर लिहून द्या. जुम्म्याच्या दिवशी घाईत नको, गुरुवारी मगरिबनंतर जाऊन हातात द्या.